बाराच्या शोला घेरी येणारी बाई

ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. मी हिंगणघाटला एका खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स होते. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, आणि कोणाच्याही बोलण्यावर माझा पटकन विश्वास बसत नसे. हा स्वभाव मला दवाखान्यानेच लावला. पोट धरून वाकडा होत येणाऱ्या माणसाला कधीकधी नुसती सुट्टीची चिठ्ठी हवी असायची. सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या असं शपथेवर सांगणाऱ्या बाईच्या पदराच्या गाठीतच त्या गोळ्या सापडायच्या. तीन वर्षांत मी एवढं शिकले होते की माणूस बोलतो ते एक आणि अंग बोलतं ते दुसरं, आणि आपण अंगाचं ऐकायचं.

होळी होऊन गेली आणि गावातल्या टॉकीजला एक हिंदी सिनेमा लागला. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला 'इहिरीवाला', म्हणजे विहिरीवाला म्हणत. एका मोठ्या घरातली सून नाहीशी होते. सासरचे म्हणतात माहेरी गेली, माहेरचे म्हणतात आमच्याकडे आलीच नाही. मग त्या घरात रिकाम्या घागरी आपोआप भरलेल्या सापडायला लागतात, फरशीवर ओली पावलं उमटतात. पोराचं दुसरं लग्न ठरतं. आणि लग्नाच्या पंगतीत ती नाहीशी झालेली सून ओल्या लुगड्याने वाढायला येते. एकेका पानापुढून सरकत जाते. ज्या पानाशी ती थांबेल त्याने तिला विहिरीत ढकललेलं असतं. ते पान कोणाचं, हे बाहेर सांगू नये अशी पाटी टॉकीजच्या दारावर लावली होती. आज सांगायला हरकत नाही. ते पान सासूचं असतं.

पहिल्या आठवड्यातच गाव पिसाळल्यासारखं झालं. वणा नदीच्या पलीकडच्या खेड्यांतून बैलबंड्या भरून यायला लागल्या. कापसाच्या जिनमधल्या बाया सकाळची पाळी सुटली की केसांतला कापूस झटकत सरळ लेडीजच्या रांगेत उभ्या राहायच्या. कोणी पदरात लिंबू बांधून आणायची, कोणी कडुलिंबाचा डहाळा. आमच्या कंपाउंडरने तो चार वेळा पाहिला होता. मी शेवट विचारला तर म्हणाला, "सिस्टर, पाप लागते सांगितलं तर." शेजारणी विहिरीवर एकट्या जाईनाशा झाल्या. आणि सर्वांत मोठी वार्ता ही होती की पंगतीच्या वेळी टॉकीजमध्ये खरंखुरं पाणी पडतं. ज्यांच्या अंगावर पडलं होतं ते लोक ओला सदरा वाळू न देता गावभर दाखवत हिंडायचे.

मला यातलं काहीच खरं वाटत नव्हतं. आणि मग बाया घेरी येऊन पडायला लागल्याची बातमी आली.

टॉकीजचे मॅनेजर आमच्या डॉक्टरांच्या ओळखीचे होते. एके सकाळी ते दवाखान्यात येऊन बसले. "डॉक्टरसाहेब, बारा के शो में रोज एक लेडीज गिरती है. कल को काही झालं तर माझ्या गळ्याशी येईल. तुमच्या सिस्टरला पंधरा दिवस बसवा ना. दुपारी तर दवाखाना बंदच असतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जाईन. पण खरंच कोणी पडतं का?"

मॅनेजर हसले. त्या हसण्यानेच माझ्या मनात पहिली शंका आली. दुसऱ्या दिवशी लाऊडस्पीकर लावलेली रिक्षा गावभर ओरडत फिरली की कमजोर दिलाच्या लोकांसाठी टॉकीजमध्ये नर्सचा बंदोबस्त केला आहे. त्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. म्हणजे मी बायांसाठी नव्हते, जाहिरातीसाठी होते.

लेडीजच्या दाराशी मला एक लाकडी खुर्ची दिली. मांडीवर रक्तदाब पाहायचं यंत्र, पिशवीत ग्लुकोज आणि अमोनियाची बाटली. पंगतीचा प्रसंग आला तसा अख्ख्या टॉकीजचा श्वास थांबला. ओली सून पडद्यावर आली आणि माझ्या गालावर खरंच चार थेंब पडले. मी दचकले. पण नजर वर गेली, आणि बाल्कनीच्या कठड्यावर मला एका डोअरकीपरचा हात दिसला. हातात होळीची पितळी पिचकारी होती. मला हसू आवरेना, पण त्याच क्षणी बायांत ओरडा झाला, "पडली, पडली!"

दोघीतिघींनी तिला उचलून व्हरांड्यात आणलं. चाळिशीच्या पुढची, काटकुळी, जिनमधल्या कामाने हात खरखरीत झालेली बाई. मी नाडी धरली. नाडी शांत, संथ होती. पापणी उघडायला गेले तर तिने ती घट्ट मिटली. मग मी तिचा हात उचलून तिच्याच तोंडावर सोडला. शुद्ध हरपलेल्या माणसाचा हात तोंडावर पडतो. हिचा हात नाकाला चुकवून बाजूला गेला. भोवती शंभर बाया माना उंचावून पाहत होत्या, म्हणून मी काही बोलले नाही. तोंडावर पाणी मारलं, ती उठून बसली, आणि लोक चर्चा करत पांगले.

दुसऱ्या दिवशी तीच बाई पडली. लुगडं दुसरं होतं, जागाही दुसरी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या दिवशी मी तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "बाई, डोये उघडा आता. मले समजते."

तिने एक डोळा उघडला. घाबरली नाही, उलट टक लावून पाहत राहिली. "कसं समजलं?"

"हात धरला का समजते. नाडीले खोटं बोलता येत नाई."

हे मी जरा तोऱ्यात बोलले. पुढे कितीदा वाटलं की ते वाक्य तोंडातून निघालं नसतं तर बरं झालं असतं.

मी मॅनेजरांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, पब्लिक को मजा आता है. कोणाचं नुकसान झालं?" मग त्यांनी असं एक सांगितलं की माझी शंका कमी व्हायच्या ऐवजी वाढली. त्या बाईने पैसा मागितलाच नव्हता. तिची अट एकच होती, रोज बाराच्या शोला फुकट आत सोडायचं.

रोज तोच सिनेमा पाहायला ही काय वेडी आहे? मी तिच्यावर पाळत ठेवली. माझ्या खुर्चीवरून लेडीजच्या सगळ्या रांगा दिसायच्या. ती सिनेमा पाहतच नव्हती. पहिले दोन तास भिंतीला टेकून झोपायची. पंगत आली की ताठ व्हायची आणि पडद्याकडे पाठ फिरवून बायांचे चेहरे पाहायची. एकेक करत सगळ्यांचे. पडद्याच्या उजेडात तिचे डोळे नुसते फिरत असायचे. प्रसंग संपला की उठायची, चार पावलं चालायची आणि पडायची. माझी खात्री झाली की ही गळ्यातले दागिने हेरते आहे. मी डोअरकीपरला सांगितलंसुद्धा, "या बाईकडे लक्ष ठेवा, हिचा काही भरवसा नाही."

आठव्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात आली. डॉक्टर आत पेशंट तपासत होते. ती माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"तुमी मले चोट्टी समजून राह्यल्या. डोअरकीपरनं सांगितलं मले."

मला ओशाळल्यासारखं झालं, पण मी ते दाखवलं नाही. "मंग काऊन पाहता बायांच्या तोंडाकडे?"

ती खाली बसली आणि सांगायला लागली. तिची एकुलती एक पोरगी नदीपलीकडच्या एका खेड्यात दिली होती. मागच्या वर्षी पोरगी सासरच्या विहिरीत गेली. पंचनामा झाला, पाय घसरला असं ठरलं. मागे दोन वर्षांची नात राहिली, ती सासरीच होती. जावयाचं दुसरं लग्न ठरत होतं.

"पाय घसरला का नाई, मले मालूम नाई," ती म्हणाली. "माही इहीण म्हनते घसरला. रडलीबी लय. मीबी म्हनलं, घसरला असन. मंग हा सिनेमा पाह्यला. तवापासून झोप नाई मले. कोनती सासू त्या टायमाले कशी दिसते ते पाहून राह्यली होती मी. पन भेव तर साऱ्याच बायाले वाटते. तोंडावरून काई समजत नाई."

"मंग?"

"मंग तुमी म्हनल्या, नाडीले खोटं बोलता येत नाई." तिने टेबलाची कड धरली. "माह्या इहिनीले सिनेमा पाहाचा हाय. तिचाच निरोप आला, तुही टॉकीजमंदी ओयख हाय म्हने, मले दाखव. येत्या बुधवारी येऊन राह्यली. तुमी तिचा हात धरजा. पंगतीच्या टायमाले. बाकी मी काई मांगत नाई."

मी नाही म्हटलं. नाडीवरून असं काही सिद्ध होत नसतं, हे तिला समजावलं. ती उठली नाही. मनात मी तिच्यावरही संशय घेत होते. जावयाकडे अडकलेल्या दागिन्यांचं तर हे प्रकरण नाही? ही मला पुढे करून विहिणीला बदनाम तर करणार नाही? खरं सांगायचं तर शेवटी मी हो म्हटलं ते दयेपोटी नाही. मलाच पाहायचं होतं.

बुधवारी विहीण आली. मी कल्पना केली होती एका उग्र, कडक बाईची. ही गोल चेहऱ्याची, हसरी, तोंडात पान. हिरवंगार लुगडं, खास सिनेमासाठी नेसलेलं. कडेवर नात. रांगेत उभ्या बायांशी तिने दोन मिनिटांत ओळखी काढल्या. "आमच्या गावच्या साऱ्या बाया पाहून गेल्या, मीच राह्यलती," ती मला म्हणाली. मी तिच्या शेजारी जागा घेतली आणि सांगितलं की टॉकीजवाल्यांनी आज सगळ्या बायांची नाडी पाहायला सांगितलं आहे. तिने गंमत वाटून लगेच हात पुढे केला.

सुरुवातीला तिची नाडी ऐंशीच्या आसपास होती. माझ्या घड्याळाचे काटे अंधारात चमकायचे, त्यावर मी मोजत होते. घागरी भरण्याच्या प्रसंगाला पोर रडवेली झाली, तेव्हा विहिणीने पदर तिच्या डोळ्यांवर धरला आणि पाठीवर थोपटत राहिली. पोर तिच्या छातीशी झोपली. मी ते पाहिलं आणि माझं मन डळमळलं. मग लगेच वाटलं, हे मला दाखवायला तर नाही? पण अंधारात माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

पंगत सुरू झाली. तिचं मनगट माझ्या बोटांखाली होतं. ओली सून पहिल्या पानाशी आली आणि नाडी उड्या मारायला लागली. शंभर, मग एकशे वीस, मग मोजणं अवघड झालं. तळहात घामाने ओला झाला. तेवढ्यात मला सुचलं, आणि मी दुसऱ्या हाताने पलीकडच्या अनोळखी मुलीचं मनगट धरलं. कॉलेजातली असावी, लग्नसुद्धा न झालेली. तिचीही नाडी तशीच धावत होती. माझी कोण मोजणार होतं, पण कानात मला माझे ठोके ऐकू येत होते, आणि मी तर तो प्रसंग आठ-दहा वेळा पाहिला होता. पिचकारीचं पाणी विहिणीच्या हातावर पडलं. "अगं माय!" म्हणून तिने हात खेचून घेतला आणि नातीला घट्ट धरलं.

दिवे लागले तेव्हा ती घाम पुसत हसत होती. "लय भारी सिनेमा हाय बाप्पा. पुन्यांदा पाह्यला पायजे."

व्हरांड्यात ती घेरीवाली बाई खांबाला टेकून उभी होती. त्या दिवशी ती पडली नव्हती. मॅनेजर लांबून खुणा करत होते, तिने तिकडे पाहिलंही नाही. मी जवळ गेले.

"सांगा," ती म्हणाली.

"वाढली," मी म्हटलं. "लय वाढली. पन ऐका, बाजूच्या पोरीचीबी तेवढीच वाढली. साऱ्यायची वाढते. यावरून काही..."

माझं पुढचं तिने ऐकलं नाही. 'वाढली' एवढंच तिच्या कानात गेलं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, आणि तरी मी तिला थांबवलं नाही. ती विहिणीपाशी गेली, नातीला तिच्या कडेवरून अलगद घेतलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "चार दिस राहू द्या माह्यापाशी. लय दिसाची भेटली नाई."

"राहू द्या ना," विहीण म्हणाली. इतक्या सहज दिलं की त्याचीही मला शंका आली. सहज द्यायचं कारण मन साफ असणं की जबाबदारी टळणं?

चार दिवसांचे पंधरा झाले. पोर परत गेली नाही. नंतर एके सकाळी विहीण दवाखान्यात आली. या वेळी पान नव्हतं, हसू नव्हतं. तिने मला बाहेर बोलावलं.

"तुमी माहा हात काऊन धरला होता?"

मी हातातली बँडेजची पट्टी गुंडाळत राहिले.

"मले समजलं सारं. माही इहीण म्हनते, सिस्टरनं सांगितलं तुमी पाप केलं म्हनून. पोट्टी देतच नाई. तुमी असं म्हनल्या?"

"नाई. मी एवढंच म्हनलं का नाडी वाढली."

"सिनेमा पाहून वाढली!" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "सून इहिरीत पडली तवा दोर मीच टाकला. बोंबलत अख्ख्या गावाले मीच उठवलं. कोनाले इचारा." तिने मनगट माझ्यापुढे धरलं. "आता धरा. आता सांगतो तेच, अन् तुमी मोजा."

मी हात धरला नाही. भीती वाटली. वाढलेली निघाली तर रागाने वाढली असं म्हणता येईल, शांत निघाली तर सराईतपणा म्हणता येईल. मी कशावरही विश्वास ठेवू शकले नसते. मी म्हटलं, "काकू, मी पोलीस नाई." तिने मनगट मागे घेतलं. "तवा होत्या का?" एवढं बोलून ती एसटी स्टँडकडे निघून गेली. मी तशीच उन्हात उभी राहिले. आतून डॉक्टर हाका मारत होते.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. माझे पंधरा दिवस मॅनेजरांनी वाढवून घेतले होते; डॉक्टरांनी निरोप धाडून माझं टॉकीजला जाणं बंद केलं आणि मला फक्त इतकं म्हणाले, "आपण आजार सांगावा, माणूस सांगू नये." मला ते लागलं. मॅनेजरांनी घेरीसाठी दुसरी बाई पाहिली म्हणे, पण ती पडताना लुगडं सावरायची, त्यामुळे लोक हसायला लागले. तरी सिनेमा आणखी तीन आठवडे तुफान चालला. मग देवाचा एक सिनेमा लागला, आणि त्याच बाया त्याच रांगेत नारळ घेऊन उभ्या राहिल्या.

जावयाचं दुसरं लग्न झालं. आमचा कंपाउंडर त्या बाजूचा, त्याच्याकडून मला कळत राहायचं. दुसरी सून चांगली नांदली, तिला दोन मुलगे झाले, सासूशी तिचं छान जमतं असं तो सांगायचा. मी दर वेळी विचारायची, "खरंच जमतं का?" तो वैतागायचा. सासरकडून पोरीला मागायला पुढे कोणी आलं नाही. आजीने तिला जिनच्या कमाईवर वाढवलं. ती तिला लसीसाठी आमच्याकडेच आणायची. पण सिनेमाचा आणि विहिणीचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही, आणि तिचा चेहरा इतका निवांत झाला होता की मलाही तो काढवला नाही. ती आता रात्रीची झोपत होती. माझ्या अर्ध्या वाक्यावर ती झोपत होती.

पुढे माझं लग्न झालं आणि मी वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहायला आले. त्या सिनेमानंतर पाच-सहा वर्षांनी एकदा वर्ध्याच्या बसस्टँडवर त्या दोघी, आजी आणि नात, भेटल्या. पोरगी आठेक वर्षांची, दोन वेण्या, हातात पाटीदप्तर नव्हे तर चक्क एक कोंबडी धरलेली. कोणा नातेवाइकाकडे चालल्या होत्या. पोरीने विचारलं, "आजी, ह्या कोन वं?"

"ह्या दवाखान्यातल्या बाई," आजी म्हणाली. "ह्याहीनंच तुले माह्यापाशी आनलं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पोरगी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होती, कोंबडी फडफडत होती. मी तिला उसाचा रस पाजला. तिने अर्धा ग्लास पिऊन उरलेला आजीपुढे धरला. हिंगणघाटची बस लागली तशा दोघी घाईने चढल्या. मी खिडकीपाशी उभी राहून कोंबडी नीट धर म्हणून सांगत राहिले, आणि बस सुटली.